आमच्या घरचं निळं पाणी

चिरंजीव धाकट्यास,

मोठ्या बहिणीचा आशीर्वाद, आणि तोही डोक्यावर हात ठेवून. (तुझ्या डोक्यावर आता मध्ये काही अडथळा उरलेला नाही, त्यामुळे तो थेट पोचेल.) 'चिरंजीव' या शब्दापाशी सूनबाईचं पेन अडलं होतं. मामांना नातवंडं झाली, त्यांना चिरंजीव कसं लिहायचं, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, ज्याला कडेवर घेऊन मी गल्लीभर फिरले त्याला मी काय हवं ते म्हणेन, तू लिही. तर तुझी तब्येत कशी आहे ते कळव, पण बेताने कळव. मागच्या पत्रात तुझ्या पित्ताने दीड पान घेतलं आणि पोराबाळांच्या खुशालीला कागदाच्या कडेला उभं राहावं लागलं. गुडघ्यांचं तर लिहूच नकोस. तुझे नि माझे गुडघे एकाच आईने दिलेले. माझे ठणकले की तुझी खबर मला बसल्या जागी मिळते. बाकी मी खणखणीत आहे. दिसतं, ऐकू येतं, आणि जे ऐकायचं नसतं ते ऐकू येत नाही. अक्षरं मात्र अजूनही माझ्याशी बोलत नाहीत, म्हणून मी सांगते आणि सूनबाई लिहिते. तिच्याविषयी काही वाकडं निघालं तरी तिने तसंच्या तसं उतरवायचं, आणि त्याबदल्यात तिला मधूनमधून कंसात आपलं म्हणणं मांडता येईल, असा आमचा करार आहे. (करार मान्य. — सूनबाई)

आता मूळ विषय, म्हणजे तुझा भाचा. तो शाळेतून निवृत्त झाला हे तुला माहीत आहेच. पण निवृत्त झालेला विज्ञानाचा मास्तर घरात ठेवणं म्हणजे काय असतं, हे तुला माहीत नाही. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्याला काय द्यावं? माणसाला शाल देतात, छत्री देतात. यांनी लांबलचक काचेचं थर्मामीटर दिलं, मखमलीच्या डबीत घालून. त्या दिवसापासून आमच्या घरात तापमान नसलेली वस्तू उरली नाही. चहात थर्मामीटर, अंघोळीच्या बादलीत थर्मामीटर, माझ्या शेकायच्या पिशवीत थर्मामीटर. (माझ्या तोंडात मात्र मी घालू दिलं नाही, कारण त्याआधी ते कुठे कुठे जाऊन आलं होतं ते मी पाहिलं होतं.) पातेल्यातलं पाणी उकळायच्या आधी गुणगुणतं आणि उकळी जवळ आली की गप्प होतं, हे का, ते त्याने आम्हा दोघींना ओट्यापाशी उभं करून समजावलं. तळाशी तापलेले वाफेचे बुडबुडे वर निघतात, वरच्या गार पाण्यात शिरतात आणि तिथेच फुटून जिरतात, त्यांचा तो आवाज म्हणे. मी म्हटलं, यात नवल ते काय, तुझे वडीलही ताट येईपर्यंत गुणगुणत आणि ताट समोर आलं की गप्प होत. मग त्याने जाड काचेचा ग्लास पातळ ग्लासाआधी तडकतो हे दाखवायला घेतलं. कढत पाणी ओतलं की आतली काच फुगते आणि बाहेरच्या काचेला त्याचा पत्ताच नसतो, म्हणून भांडण होतं आणि ग्लास फुटतो. हे पटवायला एक ग्लास पुरला असता. पण मी पहिल्या वेळी खिडकीबाहेर बघत होते आणि दुसऱ्या वेळी मला शिंक आली. (ते जाड ग्लास माझ्या माहेरचे होते. आईंना शिंक तिसऱ्या वेळीही आली होती. — सूनबाई)

हसते मी, पण खरं सांगू का, हसण्यासारखं ते नव्हतं. रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पायात बूट चढवून तो दाराजवळच्या खुर्चीत पेपर वाचायला बसायचा. पेपर वाचायला बूट कशाला लागतात, असं एकदा माझ्या तोंडावर आलं होतं, ते मी परत गिळलं. शाळेच्या पोरांची शेवटची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत गॅलरीत उभा राहायचा, मग आत यायचा आणि स्वयंपाकघरात शिरून कशावर तरी झाकण ठेवायचा. झाकण ठेवलं की पाणी लवकर तापतं, गॅस वाचतो, हे सूनबाईला सांगायचा. सूनबाई म्हणायची, अहो, त्यात पाणी नाही, पीठ आहे. माणूस चांगला, पण त्याला शिकवायला कोणीतरी लागतं, आणि घरात आम्ही दोघीच. आम्हीही शिकून शिकून किती शिकणार?

अशात शाळेच्या नव्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. तरुण आहेत, तुटक बोलतात, आणि बोलताना घड्याळाकडे बघतात. त्यांचं म्हणणं असं, की एका बुधवारी येऊन सातवीच्या वर्गाला एक तास काही करून दाखवा. मुलांना रुचलं तर दर बुधवारी या, नाही रुचलं तर आभार. फोन ठेवल्यावर तुझ्या भाच्याने आधी बूट पुसले. मग मला म्हणाला, गरम आणि गार पाणी दाखवतो. मी म्हटलं दाखव बाबा, आम्हाला दाखवून झालंच आहे. पण त्या रात्री मी देवाला काय सांगितलं ते सूनबाईला लिहायला सांगणार नाही. त्याचा बुधवार त्याला मिळाला पाहिजे होता, एवढंच समज.

आता इथे तुला आमच्या न्हाणीघराची हकीगत ऐकावी लागेल, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मागे आम्ही ते नव्याने करून घेतलं. तेव्हाचा प्लंबर सगळा वेळ फोनवर बायकोशी भांडत होता, आणि त्या भांडणात तो गरम पाण्याचा पाइप गार नळाला आणि गार पाण्याचा गरम नळाला जोडून मोकळा झाला. त्यामुळे आमच्याकडे लाल टिकलीच्या नळाला गार पाणी येतं आणि निळ्या टिकलीच्या नळाला कढत. त्याला परत बोलावलं. त्याने दोन्ही नळ सोडून बघितले, मान डोलावली, आणि शांतपणे सांगितलं की पाइप आता भिंतीत गेले, वर फरश्या बसल्या, तेव्हा पाइप बदलण्यापेक्षा माणसं बदलणं सोपं. मग आम्ही बदललो. इतके बदललो की आता आमच्या घरात गरम पाण्याला गरम पाणी कोणी म्हणतच नाही, निळं पाणी म्हणतात. घसा बसला की निळ्या पाण्याच्या गुळण्या करायच्या. डाग पडला की लाल पाण्यात भिजवायचं. पाहुणा आला की त्याला दाराशी गाठून समज द्यायची. सूनबाईचा भाऊ एकदा समज न घेताच आत गेला, मला नळ कळतो म्हणाला. गाणं म्हणत गेला होता. पहिल्याच ओळीत ते गाणं एकदम वरच्या पट्टीत गेलं आणि तिथेच संपलं. (भाऊ अजून आमच्याकडे राहायला येत नाही. — सूनबाई)

तर प्रयोग असा. सारख्या दोन रुंद तोंडाच्या बाटल्या घ्यायच्या, एकीत गरम पाणी, एकीत गार, आणि ओळखू यावं म्हणून दोन्हींत वेगवेगळा रंग. गरम पाणी हलकं असतं, गार जड. हलकी बाटली जड बाटलीवर उपडी घालून मधला पुठ्ठा अलगद ओढून घेतला तरी दोन्ही पाणी आपापल्या जागी राहतात, रंगांच्या मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. आणि उलट केलं, जड वर आणि हलकं खाली, की जड खाली उतरतं, हलकं वर चढतं, आणि दोन्ही रंग एकमेकांच्या गळ्यात पडतात. तुझ्या भाच्याने हे आमच्या ओट्यावर इतक्यांदा केलं की ओट्याला अजून जांभळी छटा आहे. दर वेळी अचूक. 'वर गरम, खाली गार' असं तो म्हणायचा आणि रेघ जागच्या जागी उभी राहायची. गरम पाण्यात त्याने कुठला रंग घातला असेल? निळा. घरचंच पाणी, निळं म्हणजे गरम. त्याला काही वावगं वाटलं नाही, सूनबाईला वाटलं नाही, मला तर मुळीच वाटलं नाही.

बुधवारी आम्ही तिघं रिक्षाने निघालो. (मला कोणी ये म्हटलं नव्हतं, म्हणूनच मी गेले.) बाटल्यांच्या दोन जोड्या होत्या, एकेका भागासाठी एक. टॉवेलात गुंडाळलेल्या गरम बाटल्या मी मांडीवर घेतल्या आणि माझ्या गुडघ्यांना वाटेत असा काही शेक मिळाला की रिक्षा चुकावी असं वाटत होतं. फ्रीजमधल्या गार बाटल्या सूनबाईच्या वाट्याला आल्या. ती शाळेपर्यंत दात वाजवत होती. तुझ्या भाच्याच्या हातात फक्त हातमोजे होते. शेजारच्या वेल्डरकडून मागून आणलेले, कातडी, कोपरापर्यंतचे. गरम काच हाताळताना काळजी घ्यायची असते हे मुलांना दिसायला हवं, म्हणून.

वर्ग भरलेला. मला पहिल्या बाकावर जागा मिळाली. शेजारच्या मुलीने सरकून घेतलं आणि मला विचारलं, आजी, तुम्ही नापास झालात का. मी म्हटलं, हो, पुष्कळदा. मुख्याध्यापिकाबाई मागे उभ्या होत्या, भिंतीवरच्या घड्याळाखालीच. आणि तुझा भाचा फळ्यासमोर उभा राहिला तशी त्याची पाठ सरळ झाली, आवाज खाली उतरला, हा माणूस आमच्या घरी राहतो हे खरं वाटेना. त्याने रंगीत खडू घेतले आणि फळ्यावर दोन बाटल्या काढल्या. गरम पाणी लाल खडूने, गार पाणी निळ्या खडूने. सगळी हयात त्याने ते तसंच शिकवलं, पुस्तकात तसंच असतं, जगात तसंच असतं. तोंड शाळेचं होतं ना त्याचं. हात मात्र घरचे होते, आणि त्या हातांनी बाटल्या घरीच भरल्या होत्या.

मुलांना म्हणाला, आता हे लाल, गरम पाणी मी निळ्या, गार पाण्यावर ठेवतो. बघा, अजिबात मिसळणार नाही. हातमोजे चढवले, लाल बाटली निळीवर उपडी केली, पुठ्ठा ओढला. आणि धाकट्या, तुला काय सांगू, लाल पाणी असं सुसाट खाली आलं की मागच्या बाकावरचे उभे राहिले. डोळ्याची पापणी लवेपर्यंत दोन्ही बाटल्या जांभळ्या. त्याने पुठ्ठा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, पुठ्ठा हलला असेल. मुलं भली होती, मान डोलावली. त्याने दुसरी जोडी घेतली. आता उलट करू म्हणाला, गार निळं वर, गरम लाल खाली. आता मात्र मिसळलंच पाहिजे. पुठ्ठा ओढला. मिसळतंय कशाला. वर निळं, खाली लाल, मध्ये रेघ, जशी काही दोन भावांनी वाटणी करून घेतली आहे. त्याने बाटलीला टिचकी मारली. काही नाही. कोणीतरी खुदकन हसलं. मुख्याध्यापिकाबाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग हातातल्या घड्याळाकडे बघितलं. तुझ्या भाच्याच्या कपाळावरून घामाची धार निघाली होती आणि ती त्या हातमोज्याने पुसताही येत नव्हती. त्याचा चेहरा मी ओळखते. पोहायला शिकताना पहिल्यांदा बुडाला होता तेव्हा पाण्याखाली असाच दिसत होता.

मला विज्ञान कळत नाही, पण टेबल कळतं. खालच्या लाल बाटलीवरून पाणी ओघळत होतं आणि चांगल्या पॉलिशच्या टेबलावर डबकं साचत होतं. मी पहिल्या बाकावरून म्हटलं, "बाळ, तुझी खालची बाटली गळतेय. आधी ती पूस, मग शिकव."

वर्ग आडवा झाला. बाळ कोण, ते कळायला त्यांना वेळ लागला नाही. तो कानापर्यंत लाल झाला, एका हाताचा मोजा काढला, खिशातून रुमाल काढला आणि बाटली पुसायला गेला. बोटं काचेला लागली आणि तिथेच राहिली. मग त्याने तोच हात वरच्या निळ्या बाटलीला लावला आणि चटकन मागे घेतला. माझ्याकडे बघितलं. सूनबाईकडे बघितलं. फळ्याकडे बघितलं.

"आई, ही गळत नाहीये," तो म्हणाला, "ही गार आहे."

आणि हसायला लागला. धाकट्या, निवृत्त झाल्यापासून तो माणूस असा हसला नव्हता. टेबलाला धरून हसला, रुमालात तोंड घालून हसला. सूनबाईच्या लक्षात आलं तशी तीही बाकावर डोकं टेकून हसायला लागली, आणि मुलं काही न कळताच आमच्याबरोबर हसली. मग त्याने डोळे पुसले आणि त्यांना न्हाणीघराची सगळी हकीगत सांगितली, प्लंबरच्या बायकोसकट. म्हणाला, रंग मी चुकवला, पाणी चुकलं नाही. मी लाल म्हणालो म्हणून ते गरम झालं नाही आणि तुम्ही सगळे बघत होता म्हणून ते मला सांभाळूनही घेईना. एकेकाला पुढे बोलावून दोन्ही बाटल्यांना बोट लावायला लावलं. मग विचारलं, बाटली गळत नाही, तर बाहेरून ओली कशी? एक म्हणाला काचेला बारीक भोकं असतील. एक म्हणाली आजींनी पाणी सांडलं असेल. (त्या मुलीकडे मी नीट बघून ठेवलं आहे.) शेवटी खिडकीकडच्या एकाने सांगितलं की थंडीत काचेवर तोंडाची वाफ बसते तसं वर्गातल्या हवेतलं पाणी गार बाटलीवर येऊन बसलं असेल, आणि तुझ्या भाच्याने त्याच्याशी हात मिळवला, त्या दुसऱ्या हातातल्या कातडी मोज्यासकट. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना. मुख्याध्यापिकाबाई पुढे आल्या, त्यांनीही दोन्ही बाटल्यांना बोट लावलं, आणि म्हणाल्या, पुढच्या बुधवारी काय आहे, बाळसर? मग जीभ चावली. पण शाळेत ते नाव आता कायमचं झालं.

माझं मत विचारशील तर ती बाटली थोडी तरी गळत होतीच. हवेतलं पाणी हवेत असतं, टेबलावर येत नाही. पण मी बोलत नाही, त्याचा बुधवार झाला ना, मग गळेना का.

घरी आल्या आल्या त्याने पेचकस काढला आणि नळांच्या टिकल्या अदलाबदल करून टाकल्या. आता लाल म्हणजे गरम, जगात असतं तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी न बघता नेहमीच्या बाजूचा नळ सोडला, तर तो बरोबर निघाला, कारण हाताला टिकली लागत नाही, बाजू लागते. सूनबाईने मात्र टिकली बघितली, निळी टिकली म्हणजे गरम असं धरून केसांवर गार पाणी घेतलं आणि किंचाळली. तुझा भाचा सगळ्यात शेवटी गेला. टिकल्या बदलल्या आहेत हे लक्षात ठेवून बाजूही बदलून बसला की काय, कोण जाणे, पण सगळ्यात मोठ्याने तो ओरडला. दुपारपर्यंत टिकल्या पुन्हा जागच्या जागी. घर कसं शांत आहे. माझ्या गुडघ्यांना रोज निळ्या पाण्याचा शेक मिळतो, सूनबाईला तिचा ओटा परत मिळाला, आणि बूट घालून पेपर कोणी वाचत नाही. बुधवारी तो बूट घालतो तेव्हा त्यांना जायला जागा असते.

तुझ्या बायकोला सांग, लोणी लावल्यासारखं गोड लिहिते तशी पत्रं अजून पाठवत जा, सूनबाई वाचून दाखवते आणि मी झोपते. मुलांना पोटाशी धरल्याचं कळव.

तुझी, अजूनही तुझ्याहून मोठी असलेली,
ताई

ता. क. आता खरं काम. तू उभा जन्म बर्फाच्या कारखान्यात घालवलास, बर्फाच्या बाबतीत तुझा शब्द तो मोडत नाही. माझं म्हणणं आहे की गरम पाण्याचा बर्फ गार पाण्याआधी होतो. मी हे पक्कं ऐकलेलं आहे, कुणाकडून ते आठवत नाही. तो म्हणतो, कधी होतो, कधी होत नाही, मोठमोठ्या लोकांचं त्यावर अजून भांडण चालू आहे. मग करून दाखव म्हटलं तर म्हणतो, बुधवारी वर्गात दाखवीन. सगळं हल्ली बुधवारसाठी राखून ठेवतो. तेव्हा तू त्याला एक ओळ लिही, की तुमच्या कारखान्यात गरम पाणीच आधी गोठायचं आणि हे तिथल्या शिपायालाही माहीत होतं. करून बघायची काही गरज नाही, नुसतं ठणकावून लिही. वाचल्याबरोबर तो उठेल आणि पातेली काढेल.

आणखी एक. मला त्याच्या प्रयोगांवाचून करमत नाही असं मनात आणू नकोस. ओटा फार रिकामा दिसतो असं सूनबाईचं म्हणणं आहे, म्हणून लिहिलं. (मी असं म्हटलेलं नाही. — सूनबाई)

मामा, नमस्कार. हे एवढं आईंना वाचून दाखवलेलं नाही. आमच्या फ्रीजरमध्ये सध्या दोन वाट्या आहेत, एक गरम पाण्याची आणि एक गार पाण्याची. त्या आईंनी ठेवल्यात, आणि घरात कोणाला माहीत नाही अशी त्यांची समजूत आहे. येता-जाता दार उघडून बोट घालून बघतात. गरम पाण्याची वाटी त्या निम्मीच भरतात. परवा ते ह्यांच्या नजरेला पडलं. मला वाटलं, आता दोन्ही वाट्या सारख्या करतील. ह्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि गार पाण्याच्या वाटीत आणखी थोडं पाणी ओतून ठेवलं. तेव्हा तुमच्या साक्षीची गरज पडेलसं वाटत नाही. पण लिहा. दोघंही वाट बघतील.